बोटभर रंग

जोतिबाच्या यात्रेसाठी राधानगरीच्या हंबीररावांनी जीपला गुलाली रंग दिला आणि मागं अँप्लिफायरसकट ढोलाएवढा स्पीकर बसवला. पण टेप लावली की स्पीकर नुसता भुंग्यासारखा गुणगुणायचा. तीन मिस्त्री हरले. यात्रा उद्यावर आली, तेव्हा जीप रेडिओ-स्पीकर दुरुस्त करणाऱ्या करीमच्या दुकानी आली.

करीम मिरजेला गेला होता. त्याची बायको खैरुनबी सीटखाली डोकं घालून बघून आली. "अर्थिंगची तार रंगावरच आवळलीया. रंगातनं करंट जात न्हाय, रंग खरवडून लोखंडाला लावाय पायजे."

"माझ्या रंगाला हात लावायचा न्हाय!" हंबीरराव गरजले. याच आवाजाला भिऊन तिन्ही मिस्त्र्यांनी रंगाला हात लावला नव्हता.

"मग बसा भुंगा ऐकत," म्हणत खैरुनबीनं कानस उचलली, बोटभर रंग खरवडला आणि तार आवळली.

टेपमधला ढोल असा घुमला की दुकानाचे पत्रे थरथरले. हंबीरराव खूश झाले. "करीमचं काम म्हंजे कामच! साऱ्या यात्रेत त्याचं नाव सांगतो की."

खैरुनबीनं तार उपसून त्यांच्या हातात ठेवली.

"मग त्यांच्याच हातानं जोडून घ्या, पावणं. परवा येत्यात."