गोजराबाईंच्या माहेरचं तळं

मित्रांनो, मी रूपालीचा जुना कॅमेरा. माझे सुटे भाग कुठल्याशा कारखान्यात जोडले गेले, पण जग बघायला मला शिकवलं ते रूपालीने. लग्नाआधी ती मला गळ्यात अडकवून नाशिकभर हिंडायची. बारशी, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलनं. "पोरीचा हात चांगला आहे," असं लोक म्हणत, तेव्हा मलाही आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

मग ती मखमलाबादला सून म्हणून आली. घरी फुलांचा मळा. पहाटे झेंडू खुडायचा, क्रेट भरायचे, बाजार गाठायचा. एकदा सासूबाई गोजराबाई मला बघून म्हणाल्या, "ह्या डब्यानं काय पोट भरतंय का?" त्याच दिवशी रूपालीने मला कपाटात साड्यांमागे ठेवून दिलं. तिथल्या दमट अंधारात माझ्या भिंगावर बुरशी चढली. रूपाली कुणाला काही बोलली नाही. मला तर बोलताच येत नव्हतं.

गोजराबाईंचं माहेर लोणारचं. यंदा मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला सगळे तिकडे निघाले, तेव्हा रूपालीने मला हळूच पिशवीत सरकवलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे सरोवर बघायला गेले. काठावरून खोल खाली हिरवं पाणी दिसत होतं. गोजराबाई गुडघे धरून दगडावर टेकल्या.

"माझी माय त्या तिथं, पार पाण्याच्या कडंला, मिठावाणी पांढरा खार गोळा करायची. मी तिच्या मागं मागं. आता मला नाय उतरवत." त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

रूपालीने मला बाहेर काढलं. "आई, मी जाऊन येते. तुम्हाला फोटोत दाखवते."

"अगं, पाय घसरंल!" त्या ओरडल्या, पण रूपाली आणि तिचा नवरा किशोर पायवाटेला लागलेही होते.

खाली झाडी संपली आणि उग्र वास आला. कडेला खाराचे पांढरे पापुद्रे, त्यापुढे उथळ पाण्याचा गुलाबी पट्टा आणि पलीकडे गर्द हिरवं पाणी!

"मागं एकदा तर अख्खं तळं गुलाबी झालं होतं," किशोर म्हणाला. "खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे."

बुरशीमुळे मला कडा धूसर दिसत होत्या, तरी मी जीव ओतून बघत होतो. रूपाली एकामागून एक फोटो काढत पुढे सरकली आणि तिचा पाय चिखलात रुतला. पडता पडता तिने मला दोन्ही हातांनी उंच धरलं. तिचं कोपर खरचटलं, त्यात खारं पाणी गेलं. मला मात्र थेंबही लागला नाही.

वर आल्यावर गोजराबाईंनी माझ्या पडद्यावर बोट टेकवलं. "हीच जागा! माय इथंच वाकलेली असायची." मग त्यांना रूपालीचं कोपर दिसलं. मला वाचवताना लागल्याचं किशोरने सांगितलं. प्यायच्या पाण्याने जखम धुता धुता त्या पुटपुटल्या, "एका डब्यापायी एवढं लावून घेतलंस?"

"डबा नाही, आई." रूपाली म्हणाली. "माझं काम आहे ते."

गोजराबाईंचा हात थांबला. "मला ठावं नव्हतं, पोरी. तू कधी बोललीच नाय." मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "आता माझा एक काढ. मागं तळं दिसलं पाहिजे."

मित्रांनो, माझं भिंग आता स्वच्छ झालंय. लग्नसराईत रूपाली मला घेऊन निघते, तेव्हा फुलं खुडायला गोजराबाई लवकर उठतात. आमच्यासारख्या वस्तू पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मागतोच. पण तुमच्या घरात कुणाच्या हातून आवडतं काम सुटलं असेल, तर ते का सुटलं, हेही त्यांना एकदा विचारा.