संत क्लेमेंतेचा गहाण पडलेला नांगर

मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, समुद्रातला. पण मित्रांनो, माझ्या भरवशावर आजवर एकही होडी उभी राहिलेली नाही. सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात लोहाराने मला घडवले, ते संत क्लेमेंतेच्या लाकडी मूर्तीच्या पायाशी ठेवण्यासाठी.

क्लेमेंते फार जुन्या काळी रोमचा पोप होता. त्याची गोष्ट मी चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या बायकांकडून ऐकली. त्या सांगत, की सम्राटाने त्याला काळ्या समुद्राकाठी दगडाच्या खाणीत धाडले. तिथल्या कैद्यांना प्यायला पाणी नव्हते. एका कोकराने पाय उचलून जागा दाखवली, क्लेमेंतेने तिथे खणले आणि झरा लागला. मग कैदी त्याच्या देवाला मानू लागले, म्हणून सैनिकांनी त्याच्या गळ्यात नांगर बांधला आणि त्याला समुद्रात लोटून दिले. पुढे वर्षातून एकदा समुद्र मागे हटे आणि त्याचे थडगे उघडे पडे. एकदा एका आईचे लेकरू तिथेच राहून गेले आणि पाणी परत आले. पुढच्या वर्षी पाणी ओसरले, तेव्हा ते थडग्यापाशी गाढ झोपलेले सापडले.

या लेकरामुळेच आमच्या गावाचा क्लेमेंतेवर जीव होता. पाण्याने नेलेले हा परत देतो, अशी त्यांची समजूत होती. मी तर त्याच्या मरणाचे हत्यार. तरी लोक माझे चुंबन घेत. नोव्हेंबरात त्याचा सण आला, की मला होडीतून खोल पाण्यात नेत आणि दोराने तळापर्यंत सोडत. माझ्याबरोबर वर आलेला गाळ बायका आपापल्या दाराच्या चौकटीला लावत, म्हणजे घरचा माणूस समुद्रावरून परत येई.

मला पाण्यात सोडण्याचा मान चर्चची देखभाल करणाऱ्या गान्दोल्फोचा होता. वर आल्यावर मला पुसून ऑलिव्हचे तेल लावायची ती त्याची बायको फिलिप्पा. जुन्या मोज्याच्या चिंधीने ती मला चोळायची आणि म्हणायची, "माझ्या नवऱ्यापेक्षा तू बरा. भिजलास तरी कुरकुर करत नाहीस." ती माझी चांगली वर्षे होती.

मग फिलिप्पाच्या पोटात गाठ झाली. शहरातल्या डॉक्टरने तपासले आणि तिला घरी न्यायला सांगितले.

मित्रांनो, आमच्या गावाची एक रीत आहे. संताने ऐकले नाही, तर त्याची एखादी वस्तू काढून गहाण ठेवायची. पाऊस पडला नाही तेव्हा क्लेमेंतेची टोपी अशीच नेली होती. होड्या परतल्या नाहीत तेव्हा त्याचे तोंड भिंतीकडे केले होते. काम झाले, की फुले वाहून माफी मागायची. यात कुणाला पाप वाटत नसे. माणूस रागावतो ते आपल्या माणसावरच.

गान्दोल्फोने मला मूर्तीच्या पायाशी लावलेल्या साखळीतून सोडवले. "ती उठून उभी राहील, त्या दिवशी तुला नांगर मिळेल," तो मूर्तीला म्हणाला. मला पोत्यात गुंडाळून त्याने घरी आणले आणि फिलिप्पाच्या पलंगाखाली ठेवले.

ती हसली. "बिचाऱ्याचा नांगर काढून आणलास. आता त्याला ओळखणार कोण? दाढीवाले म्हातारे चर्चमध्ये पुष्कळ आहेत."

"ओळख हवी असेल तर करील काम."

"आणि नाही केलं तर?"

"तर राहील तसाच."

सण आला आणि माझ्याविना गेला. शेजारची नुन्झिया काकी भांडायला आली. "गान्दोल्फो, आम्ही दाराला काय लावायचं? तुझ्या बायकोसाठी सगळ्या गावाची माणसं बुडवणार का?"

"त्यालाच विचारा जाऊन," तो म्हणाला.

पण भांडायला आलेली काकी पेज करून द्यायला थांबली, आणि मग रोजच येऊ लागली. गान्दोल्फोचे घरात लक्षच नव्हते. जेवण झाले, की तो चर्चमध्ये जाई आणि अंधार पडेपर्यंत मूर्तीसमोर उभा राहून वाद घाली. चार माणसांनी आवरूनही तो आवरत नसे. फिलिप्पा पलंगावर आणि मी पलंगाखाली. दुपारभर आम्ही दोघेच.

"कुठे गेलाय?" ती काकीला विचारी.

"भांडायला."

"जिंकतोय का?"

"अजून तरी नाही."

एकदा तो निघाला, तेव्हा तिने त्याची बाही धरली. "आज नको जाऊस. बस जरा इथे."

"बसून काय होणार? आज मी त्याचं तोंड भिंतीकडे करतो. मग बघ कसा ताळ्यावर येतो."

"त्याचं राहू दे रे. तुझं तोंड इकडे कर."

पण मित्रांनो, तिचे म्हणणे त्याच्या कानापर्यंतच गेले. तिच्यासाठीच तर जातो आहोत, असे त्याला वाटत होते. त्याने तिची बोटे हळूच सोडवली, पांघरूण नीट केले आणि तो गेला.

काकी चुलीपाशी होती. फिलिप्पाचा हात पलंगाखाली लोंबू लागला. बोटे माझ्या कडीला लागली. पकड नव्हती, नुसती बोटे. आधी ऊन होती. मग निवत गेली.

गान्दोल्फो परत आला तेव्हा त्याच्या हातांना भिंतीचा चुना लागला होता. "फिरवलं एकदाचं," तो दारातूनच म्हणाला.

काकीने वाटी खाली ठेवली. 

त्यानंतर फादर इन्याझियो मला मागायला आले. "नांगर दे, गान्दोल्फो. आता तो ठेवून काय उपयोग?"

"ती उठली नाही, फादर," तो म्हणाला. "बोलणं तसंच झालं होतं."

शेवटी गावाने लाकडाचा नांगर केला आणि त्याला चंदेरी रंग दिला. तो पाण्यात बुडेना. गाळच येईना, तेव्हा लोकांनी होडी नेणे बंद केले. जवान माणसे कामासाठी परदेशी निघून गेली. क्लेमेंते खोट्या नांगरापाशी उभा आहे, आणि मी पलंगाखाली गंजतो आहे. माझा एक दात झडला. मला आता कुणी तेल लावत नाही, आणि ते मी मागतही नाही. पाण्याने नेलेले परत मिळते की नाही, मला ठाऊक नाही. या पलंगावरून गेलेले परत आलेले नाही.

गान्दोल्फो आता कुठेच जात नाही. जेवण झाले, की तो रिकाम्या पलंगाजवळ खुर्ची ओढतो आणि बसतो.  अंधार पडेपर्यंत त्याचे पाय मला दिसत राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर देवाशी काय भांडायचे ते मागाहून भांडा. त्याने "बस जरा" म्हटले, तर बसा. ती खुर्ची आजच ओढा.