अध्यक्षांचा खांदा

अमळनेरच्या संधिवात रुग्ण मंडळाची घटना रुपचंदनानांनी लिहिली. लिहिली म्हणजे, ज्या पतसंस्थेतून ते निवृत्त झाले तिचीच घटना उचलली आणि 'ठेवीदार' खोडून 'रुग्ण' केलं. त्यामुळे मंडळ कुणाला कर्ज देत नसतानाही थकबाकीदारांवर जप्तीचं कलम आहे, आणि मतदान हात वर करून होतं. हात डोक्याच्या वर गेला तरच मत धरायचं. पतसंस्थेत पूर्वी यावरून हाणामारी झाली होती म्हणे.

परिणाम असा, की मंडळात आजवर एकही ठराव मंजूर झालेला नाही. नवीन काही ठरत नाही म्हणून जुनं चालू राहतं, आणि जुन्यात हेमलताताई अध्यक्ष आहेत. त्यांची निवडही झाली नव्हती. उद्घाटनाला धुळ्याहून आलेले डॉक्टर भाषणात "तुमच्या अध्यक्षा" म्हणाले आणि त्यांच्याकडे बघून हसले, एवढंच.

संधिवाताचं माणूस सकाळी सगळ्यात जास्त आखडलेलं असतं, म्हणून ताईंचा फोन सकाळीच वाजतो. तो उचलायला त्यांना दोन्ही तळहात लागतात, हे पलीकडे दिसत नाही. एकदा त्या "आज मलाही बरं नाही" म्हणाल्या होत्या. पलीकडून आलं, "ताई, तुम्हीच असं बोलल्या तर आम्ही कोणाकडे बघायचं?" तेव्हापासून त्या बऱ्या आहेत.

मंडळाच्या सभेत प्रत्येकाने पाळीपाळीने उठून कुठे दुखतं ते सांगायचं असतं. टाळ्या वाजवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून बोलणाऱ्याचं झालं की सगळे "बरं" म्हणतात. अध्यक्षांचा नंबर लागत नाही. अध्यक्षांनी शेवटी "हिंमत ठेवा" म्हणायचं असतं. ताईंना फार काही नको होतं. दुसऱ्या रांगेत बसायचं, नंबर आला की सांगायचं, आणि सगळ्यांचं "बरं" ऐकून खाली बसायचं. त्यासाठी त्यांनी यंदाच्या वार्षिक सभेत राजीनामा दिला.

नानांनी तो मताला टाकला. "ताईंना मोकळं करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

सभागृहात थोडी हालचाल झाली. काही कोपर हलले. कुणाला तसं वाटत नव्हतं आणि कुणाचा हातच जात नव्हता, हे वेगळं काढायची घटनेत सोय नाही.

एरंडोलकडच्या द्रौपदाबाईंचा हात कानापर्यंत गेला.

"कान दुखतोय का, आक्का?" नानांनी विचारलं.

"मना हात वर शे, नाना. मोजा."

"डोक्याच्या वर पाहिजे."

"मंग डोकं खाले करू का?"

लोक हसले. नानांनी घटना उघडून पाहिली. डोकं खाली करण्याबद्दल तीत काही नव्हतं. त्यांनी मत धरलं नाही.

"मग माझं तरी धरा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी उजवा हात उचलला. तो हनुवटीपाशी येऊन थांबला. माइक धरल्यासारखा तिथेच राहिला.

"वर, ताई," नाना म्हणाले.

"एवढाच जातो."

हसणं थांबलं. ताईंचं दुखणं आटोक्यात आहे असं मंडळाने धरूनच चाललं होतं. आटोक्यात नसतं तर त्या अध्यक्ष कशाला झाल्या असत्या?

"तुमनाबी जात नही?" द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी कोपराने खाली ढकलली. ताई व्यासपीठावरून उतरल्या, एक पायरी, मग दुसरी, आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या. ती दुसरीच रांग होती.

"ठराव नामंजूर," नाना म्हणाले. "पुढचा विषय, अध्यक्षांचं मनोगत."

ताई उठल्या नाहीत. प्लास्टिकच्या त्या खुर्चीला हात नव्हते.

"उजवा खांदा," त्या बसूनच म्हणाल्या. "दिवाळीपासून. केस विंचरता येत नाहीत."

पुढे "हिंमत ठेवा" येतं का याची सगळ्यांनी वाट पाहिली. आलं नाही.

"बरं," द्रौपदाबाई म्हणाल्या. मग सगळे म्हणाले. मग चहा आला. कप जड होते, नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ताईंनी तो दोन्ही तळहातांत धरला. द्रौपदाबाईंचा होता. गुडघा रात्रभर ठणकत होता, सून वाकडं बोलत होती, गोळी संपली होती. ताईंनी सगळं ऐकलं आणि "हिंमत ठेवा" म्हणाल्या.

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"आनि तुमना खांदा?"

"आहे," ताई म्हणाल्या.

"बरं," द्रौपदाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा गुडघ्याचं सांगू लागल्या.