काही गाळायचं नाही

कॉलेजात परकी भाषा शिकवणं वेगळं आणि त्या भाषेत तुरुंगातल्या बायकांची गाऱ्हाणी सांगणं वेगळं. आंतरराष्ट्रीय पथकाचा नेहमीचा दुभाषी तापाने अंथरुणाला खिळला, म्हणून बोलावणं कॉलेजात ती भाषा शिकवणाऱ्या हिला आलं, आणि ही 'हो' म्हणून बसली. पथक देशभरचे तुरुंग फिरून माणसांना माणसासारखं वागवलं जातं का ते पाहत होतं. सरकारनेच तसा करार केला होता. पण नवरा सरकारी नोकर, त्याचा जीव टांगणीला लागला.

"जरा सांभाळून बोल," तो म्हणाला.

"तिने कशाला सांभाळायचं?" सासूबाई आतून म्हणाल्या. "बोलणार त्या बायका. ही नुसती जीभ उसनी देणार. जा गं तू, आणि खाऊन जा. उपाशीपोटी माणूस शब्द गिळतं."

बायकांच्या तुरुंगाचं फाटक इतकं ताजं रंगवलेलं होतं की पथकाच्या परदेशी बाईंनी टेकायला हात लावला आणि कोपरापर्यंत निळ्या झाल्या. त्या हसल्या. तुरुंग खात्याकडून सोबत आलेले साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी रुमाल काढून दिला आणि दुभाषीला बाजूला घेतलं. "बायका काहीबाही बोलतात. तुम्ही आपलं मुद्द्याचं तेवढं सांगा."

"मला मुद्दा कळत नाही साहेब, वाक्य कळतं," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने चपापली.

जेलरबाई उंच, करकरीत इस्त्रीच्या, नियमाला पक्क्या. त्यांनी बराक दाखवली. भिंतीलगत गाद्या, प्रत्येकीवर घडी घातलेली चादर, आणि बायका पढवलेल्या पोपटासारख्या एका सुरात, "सगळं छान आहे." शेवटी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं.

"गाद्या तर फारच छान," रेडिओ म्हणाली. "परवा आल्या. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. इतकी वर्षं फरशीची सवय, पाठ बिचारी बावचळली. बाईंना म्हणावं, दर आठवड्याला येत जा. दिवाबत्तीचीही सोय होईल."

बराकीत खसखस पिकली. साहेब घाईने म्हणाले, "तो विनोद आहे. सांगायची गरज नाही."

दुभाषीने विनोदासकट सगळं सांगितलं. परदेशी बाई खळखळून हसल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "आता मला यांच्याशी एकटीने बोलायचंय."

साहेबांनी सुरक्षेचं कारण काढलं. जेलरबाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, पाहणी झाली की पुरुषाने बायकांच्या बराकीत थांबायचं नाही. नियम आहे. तुमच्याच खात्याचा." साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चालू लागले. त्यांच्यामागून जाताना जेलरबाई दुभाषीच्या कानाशी वाकल्या. "डॉक्टरचं निघालं नाही तर आठवण करा. डॉक्टर मागून मागून माझ्या चपला झिजल्या, खातं ढिम्म हलत नाही."

"मला नाही करता येणार," दुभाषी म्हणाली. "त्या बोलतील तेच मी बोलणार."

"बरं," जेलरबाई म्हणाल्या. त्यांना ते रुचलं नाही, पण पटलं असावं.

दार लागलं आणि बांध फुटला. डॉक्टरचं पहिल्याच दमात निघालं: ताप असो की बाळंतपण, एकच गोळी. मग रेडिओने आवाज खाली आणला. "आता जेलरबाईंचं सांगते. डॉक्टरसाठी त्या भांडतात, खोटं कशाला बोलू. पण भेटीच्या खोलीत त्यांनी जाळी बसवली. हिचं पोर येतं, जाळीला नाक लावून रडतं. हात लावायची सोय नाही." शेजारच्या तरुण आईने पदर तोंडात धरला. दुभाषीने वाक्य पुरं केलं.

दुपारी कार्यालयात परदेशी बाईंनी काय आढळलं ते सांगितलं आणि दुभाषीने ते जेलरबाईंसमोर मांडलं. डॉक्टर म्हणताच जेलरबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं की साहेबांना एकाएकी खिडकीबाहेरचं झाड आवडू लागलं. मग जाळी आली. जेलरबाईंचे कान लाल झाले.

"कोण म्हणालं?"

"नावं आम्ही सांगत नाही," परदेशी बाई म्हणाल्या. "आणि कुणाला याचा त्रास झाला, तर तोही अहवालात येईल."

आता ही बाई भडकणार, असं दुभाषीला वाटलं. पण जेलरबाईंनी नुसता सुस्कारा सोडला. "मागे एकदा भेटीत ब्लेड आत आलं होतं. मी घाबरले आणि सरसकट सगळ्यांनाच जाळी लावली. पोरांनी काय केलं होतं?" मग सावरून म्हणाल्या, "लिहा. जाळीचं लिहा. पण डॉक्टर वरती लिहा."

पुढची भेट न कळवता झाली. हिवाळा सरला होता. नेहमीचा दुभाषी ठणठणीत बरा असूनही परदेशी बाईंनी हिलाच मागून घेतलं. नवऱ्याने या वेळी स्वतःहून डबा भरून दिला. गाद्या जागेवर होत्या, आता जरा मळलेल्या, म्हणजे वापरातल्या. एक डॉक्टरीणबाई रांगेतल्या बायकांचा रक्तदाब तपासत होती. साहेबांनी वर्तमानपत्रात सगळं श्रेय आपल्या खात्याला दिलं होतं. जेलरबाई म्हणाल्या, "घेऊ दे. श्रेयाने कुणाचा ताप उतरत नाही."

रेडिओने भाजी पाणचट असल्याची आणि डॉक्टरीण फार प्रश्न विचारते अशी तक्रार नोंदवली. दुभाषीने दोन्ही पोचवल्या.

भेटीच्या खोलीत जाळी नव्हती. एक बाई हवालदार झडती घेऊन पोरांना आत सोडत होती. तरुण आईच्या मांडीवर तिचं पोर आधी नाचलं, मग तिच्या कानातलं ओढून पाहिलं, आणि मग तिथेच तोंड उघडं टाकून गाढ झोपलं. त्याला घेऊन आलेली आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत चुळबुळ करू लागली. भेटीची वेळ संपली होती.

"बसा," जेलरबाई तिला म्हणाल्या. "ते घड्याळ पुढे आहे."

परदेशी बाईंनी त्या काय म्हणाल्या ते विचारलं. दुभाषीने जसंच्या तसं सांगितलं.