न दाबलेलं बटण

मित्रांनो, बंद पडलेल्या घड्याळांच्या या खणात मी कसा आलो, ते ऐका. मी एक जुना माऊस आहे, शेपटीसकट. माझं डावं बटण अजून शाबूत आहे. तेच माझं दुःख आहे.

कारखान्यात एका यंत्राने मला शंभरदा दाबून पास केलं. पुढे एका घड्याळजींनी मला विकत घेतलं. दुकान चालेनासं झालं, तेव्हा ते संगणकावर बाजारातल्या भावांचे सौदे करायला शिकले. तिसऱ्या खेपेला एका कंपनीची सौद्यांची परीक्षा पास झाले आणि तिने आपले पन्नास हजार त्यांच्या हाती दिले. नफ्यात वाटा मिळणार होता. उतारवयात पुन्हा धंदा मिळाला, म्हणून ते मला घड्याळं पुसायच्या फडक्याने रोज पुसत.

अट एकच. पडद्यावर खात्यातल्या रकमेच्या दोन हजार खाली एक लाल रेघ असे. नफा हातात न येता नुसता दिसला, तरी रेघ मागोमाग वर चढे. खातं उतरलं, तरी ती उतरत नसे. खातं तिला टेकलं की कारभार आटोपला, कंपनी खातं काढून घेणार.

त्या दुपारी तीन हजारांचा नफा दिसत होता. बोट माझ्या डाव्या बटणावर आलं. दाबलं की सौदा बंद, नफा पदरात.

"अहो, घ्या की आता!" मागून काकू, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "अजून बाजारात तुरी आहेत."

"थांब गं. चालतं घड्याळ कुणी उघडतं का?"

"मग निदान अर्धं तरी घ्या!"

बोट अधांतरीच राहिलं. भाव घसरत गेला. हजाराचा नफा उरला आणि पडदा करडा झाला.

"नफा दिसतोय की! मग बंद कसं झालं?"

"रेघ एक्कावन्न हजारांवर येऊन बसली होती," ते हळूच म्हणाले. "मी वरच बघत राहिलो. ती मागून जिना चढत होती."

मित्रांनो, वर चढताना मागे वळून बघत जा. दिसतंय त्यातलं थोडं तरी वेळेवर पदरात घ्या.

अजूनही एखाद्या दुपारी खण उघडतो. ते मला तळहातावर घेतात. माझी शेपूट कशालाच जोडलेली नसते. बोट टेकतं. टक्.

"घेतलं," ते म्हणतात, आणि खण बंद करतात.