अमावास्येला थांबलेली कात्री

मित्रांनो, चौऱ्याण्णव साली आलेल्या एका पत्राला दोन वर्षं उत्तर गेलं नाही. त्याचं पाकीट मीच कापलं होतं, म्हणून हे सांगायला बसले आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मी एक जुनी कात्री आहे. नरसिंहरावांनी मला चिकपेटेच्या बाजारातून चामराजपेटच्या घरी आणलं. ते ग्रंथालयात कामाला होते. वर्तमानपत्रातली कात्रणं मी इतकी सरळ कापायची की, पट्टी लावून कापलंस का, असं त्यांची थोरली बहीण कौशल्याअक्का विचारायची. तेवढीच माझी स्तुती.

शेजारची भार्गवी वडिलांच्या बदलीमुळे धारवाडला गेली आणि आपला केसाळ कुत्रा चिक्का नरसिंहरावांच्या हवाली करून गेली. पंधराच दिवसांत गल्लीतलं कुत्रं त्याच्या मानेला चावलं. रक्त थोडंच होतं. आधी जखमेभोवतीचे केस कापावेत, असं नरसिंहरावांनी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी माझी पाती उघडली.

"नरसू, आज अमावास्या," अक्का म्हणाली. "केसाला कात्री लावू नको. स्वल्प हळद दाब, होईल सरी, बरा होईल तो."

नरसिंहरावांचा तिथींवर विश्वास नव्हता. पण स्वतःवर त्याहून कमी होता. त्यांनी मला मिटून खिळ्याला अडकवलं आणि केसांवरूनच हळद दाबली. वर खपली धरली. बरं वाटतंय, असं दोघं एकमेकांना सांगत राहिली. चौथ्या दिवशी मान सुजली, चिक्का खाईना. तेव्हा मी केस कापले. खाली दाताची दोन बारीक भोकं होती, खोल, पुवाने भरलेली. केस कापले असते तर ही पहिल्याच दिवशी दिसली असती, एवढंच जनावरांचे डॉक्टर गुरुराज म्हणाले. दोन दिवसांनी चिक्का गेला.

मग भार्गवीचं पत्र आलं. चिक्का मला विसरला नाही ना, असं तिने विचारलं होतं. नरसिंहराव कोरा कागद घेऊन बसत आणि उठत. मी खिळ्यावर गंजत गेले. पात्यात चिक्काचे चार केस तसेच होते.

शहाण्णवमध्ये दुसरं पत्र आलं. "काका, रागावलात का? आम्ही पिल्लू आणलंय. रोज कुणाशी तरी भांडून येतं."

त्या दिवशी त्यांनी मला उतरवलं, घासून पुसलं, आणि लिहायला बसले. चिक्का गेला, चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. पुढे लिहिलं: "पिल्लाला कुणी चावलं तर वार-तिथी पाहू नकोस. मोठ्या माणसाला त्याचं तोंड धरायला सांग, भोवतीचे केस काप, कोमट मिठाच्या पाण्याने धू. हळद भरू नकोस. भोक लहान असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव."

मित्रांनो, मुक्या जनावराची जखम केसांखाली असते. ती उघडून पाहा. आम्ही कात्र्या कुठल्याही दिवशी कापतो.

पाकीट बंद झालं, तरी नरसिंहराव ते हातात घेऊन बसून राहिले.

"दे इकडे," अक्का म्हणाली. "मी टाकून येते पेटीत."

पंचांग तिच्या उशाशीच होतं. ते न उघडता ती निघाली, आणि पत्र टाकूनच परतली.