भाजलेली आत्या

मी सुलोचना. जन्मापासून पांढरी. केस, भुवया, कातडी, सारंच. गोऱ्या सुनेसाठी जीव टाकनारे लोक मले पाहून रस्ता बदलतात. गोरं पाहिजे, पन इतकं नाई! सिंदी मेघेच्या अंगनवाडीत कामाले जाता-येता उन्हानं गालावर खरखरीत चट्टे पडले. डॉक्टरीनबाई म्हने, "आत्ता कॅन्सर नाई, पन असंच सोडलं तं होऊ शकते." मलम देल्लं. थे खराब कातडी जाळते. तोंड लालभडक होते, खपल्या धरतात, मंग नवी कातडी येते. मधात बंद कराचं नाई, अशी तंबी.

ऐन खपल्यायच्या दिवसात माह्या भावाच्या पोरीचं, पौर्णिमाचं साक्षगंध, म्हंजे साखरपुडा, आलं. भाऊ बाबाराव खाली पाहून म्हने, "ताई, चार दिवस मलम बंद ठेवतं का?"

"काऊन? चट्टे का पाहुने पाहून उठून जातात?"

भावनावहिनी त्याच्याहून हुशार. "मी सांगतो, सैपाक करताना वाफेनं भाजल्या म्हनून. रोगाचं नाव निंघालं तं पोरगी जलमभर घरात बसन." 'तुमच्यावानी' हे तिनं गिळलं, पन मले ऐकू आलं. माह्या सोयरिका कशा मोडल्या हे तिले ठाऊक हाये. पौर्णिमाले मी अंगाखांद्यावर खेळवली. तिचं लग्न माह्या तोंडापायी मोडलं असतं तं मी मेलीच असती. म्हनून हो म्हटलं.

तळेगावचे पाहुने आले. भाजल्याचं ऐकून काय त्यायचा कळवळा! "अरे बाप्पा, आमच्यासाठी रांधता रांधता!" भाजलेल्या बाईले केवढा मान असते पाहा. पोराची माय जयवंताबाई तं मले चिकटूनच बसली.

"भाजल्यावर टूथपेस्ट लावाव. गार वाटते."

मी नाई नाई म्हनेपर्यंत तिची पोरगी मोरीतून पेस्ट घेऊन आली अन् बाईनं उघड्या मासावर बोटानं चोपडली. माय वो! डोळ्यासमोर काजवे चमकले. वहिनी तिकून डोळे वटारून राह्यली. मी दात खाऊन चूप राह्यली, तं बाईनं दुसरा थर चढवला!

मंग माहं टाळकं सटकलं. "ओ बाई, भाजली नाई मी! उन्हानं कातडी खराब झाली. कॅन्सर होऊ नये म्हनून औषध लावून राह्यली!"

कॅन्सर म्हटल्याबरोबर चिवड्याच्या प्लेटा हातातच राह्यल्या. जयवंताबाई सरकली. "लागते का हे दुसऱ्याले?"

"नाई लागत."

"बरं," म्हने, अन् थे बोट पदराले पुसलं. मंग पुन्हा पुसलं. मंग सोफ्याले पुसलं.

झालं! पोरीचं वाटोळं केलं मी. वहिनी सावराले धावली, "ईनबाई, पोरीले साडी द्या ना, टाईम होऊन राह्यला." जयवंताबाईनं नाक मुरडत साडीचं ताट उचललं.

पौर्णिमानं हात मांगं घेतले. "आधी माह्या आत्याची माफी मांगा. नाई तं साडी वापस न्या."

"पोरी!" बाबाराव वरडला.

जयवंताबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं. नवऱ्यानं पंख्याकडं पाह्यलं. नवरदेव मोबाईलमधून मुंडी वर काढेना. शेवटी ताट पिशवीत गेलं अन् पाहुने गाडीत बसले.

वहिनी भिताडाले टेकून रडली. मीही रडली, पन माह्या मनात लाडू फुटून राह्यले होते, अन् त्याची लाजही वाटून राह्यली होती. आजवर माह्यापायी सोयरिका मोडल्या. माह्यासाठी कोनी मोडली नव्हती.